सकरीचा स्वतःचा ढावलो

"नागपूरले नाई जाचं. महागावकडं जाचं हाय, थावराच्या पोरीच्या लग्नाले," बाबांनी जाहीर केलं आणि माझं तोंड एवढंसं झालं.

मागच्या पोस्टखाली एका वाचक ताईंनी विचारलं होतं, तुमचा घराबाहेरचा पहिला मोठा प्रवास कोणता? त्यांना वाटलं असेल काशी नाहीतर काश्मीर निघेल. निघालं महागाव! यवतमाळहून आज गाडीनं निघालात तर थर्मासमधला चहा गरम असतानाच पोचाल. पण ही गोष्ट आहे महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या काळातल्या एका माघ महिन्यातली. तेव्हा तेवढ्या वाटेत अख्खा दिवस जिरत असे.

आमचं गाव लोहारा. आता तिथे कारखान्यांची वसाहत आहे आणि यवतमाळ शहर कुठे संपतं ते कळतच नाही. तेव्हा आम्ही साधे कापूस-तुरीचे शेतकरी होतो. मी अठरा-एकोणीस वर्षांची, मॅट्रिकच्या गणितात गटांगळ्या खाऊन घरी बसलेली. रोज तेच सडा-सारवण, त्याच भाकरी, तीच कापसाची वेचणी. आपल्या आयुष्यात काही घडतच नाही अशी माझी पक्की खात्री होती आणि ती मी आईला उठता-बसता ऐकवत असे. त्यातून माझी मैत्रीण नागपूरला जाऊन सर्कस बघून आलेली. माझ्या वाट्याला काय, तर तांडा! आईला वेचणी सोडून येणं जमेना म्हणून बाबांबरोबर माझी वर्णी लागली होती.

थावराकाका हे बाबांचे बैलबाजारातले जिवलग दोस्त. जातीनं गोर, म्हणजे बंजारा. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. काका मात्र स्वतःच्या वावरात कापूस पेरत आणि बैल पारखायची पिढीजात नजर बाजारात वापरत. बाबांची एकही जोडी त्यांनी हात फिरवून पाहिल्याशिवाय घेतली गेली नाही. अशा माणसाच्या मुलीचं लग्न चुकवणं बाबांना शक्यच नव्हतं.

सकाळी यवतमाळच्या मोटार स्टँडवर पोचलो. तिकीट फार नव्हतं, पण जागा मिळवायला खिडकीतून पिशवी आत टाकावी लागे. ती कला बाबांना येत नसल्यामुळे आर्णीपर्यंत मी एका पत्र्याच्या पेटीवर बसले. शेजारच्या आजीच्या मांडीवर कोंबडी होती.

"कोंबडीचं तिकीट काढा लागते, बाई," कंडक्टर म्हणाला.

"थे काय सीटवर बसली हाय? मह्या मांडीवर हाय ना. मांडीचं तिकीट म्या काढलं हाय," आजीनं ठणकावलं. कंडक्टर पुढे सरकला. अख्खी मोटार हसली आणि माझा रुसवा तिथे निम्मा गेला, हे कबूल केलंच पाहिजे.

आर्णीला भजी खाल्ली. तेव्हाचा तो चहा, उभ्या उभ्या बशीत ओतून फुंकत प्यायचा, आणि कागदावर मीठ-मिरची. नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, मोटार पाण्यात चाकं बुडवत निघाली तेव्हा बायकांनी पाण्याला हात जोडले. पुढे दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा विरळ कापूस, कापणीला आलेली तूर आणि टेकड्यांवर पानं झडू लागलेला साग. एका चढावर इंजिन तापलं. सगळे उतरून झाडाखाली बसलो. कुणी बोरं काढली, कुणी चिवडा. त्या तासाभरात दोन सोयरिकींची बोलणी झाली. आजही तुमची गाडी त्या बाजूला बंद पडली तर चिडू नका, खाली उतरा.

महागावला थावराकाका छकडा घेऊन उभे होते. "आली का मही लोहाऱ्याची बेटी!" म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बैलगाडीची वाट शेतांमधून, ओढ्यातून जात होती. उन्हं कलताना तांडा दिसला. मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली, एकमेकांना लागून असलेली घरं आणि मध्ये मोकळं अंगण. कुणीतरी गूळ आणि पाणी दिलं आणि नवरी मुलगी स्वतःच पुढे आली. सकरी, माझ्याच वयाची. आरशांचे तुकडे जडवलेला घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, तिच्या हातात होता, सुई अजून त्यातच खोचलेली.

"तुले शिवता येते?" हा तिचा मला पहिला प्रश्न.

"गुंडी लावता येते," मी म्हटलं.

"मंग बस. गुंड्याच लावाच्या हायत." झालं, आमची मैत्री जमली.

इथे ढावलो म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते. गोर समाजात मुलगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात रडते. ते गात रडणं म्हणजे ढावलो. चाल जुनी, सर्वांची. पण शब्द ज्या त्या मुलीनं आपले जुळवायचे. त्यासाठी लग्नाआधी बरेच दिवस एखादी जाणती बाई तिची तालीम घेते. मुलीनं कसा ढावलो गायला हे तांड्यात वर्षानुवर्षं बोललं जातं. ज्या मुलीला तो जमला नाही तिचं काळीज दगडाचं, आणि तिच्या आईनं तिला काही शिकवलं नाही, असा सरळ हिशेब.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ज्वारीची गरम बाटी (भाकरीला ते बाटी म्हणतात) आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, झणझणीत आमटी होती. मी इतकी जेवले की बाबांनी डोळे वटारले. मग बायका अंगणात जमल्या. मधोमध जमनायाडी बसली. याडी म्हणजे आई. ही सगळ्या तांड्याचीच आई होती, पांढऱ्या केसांची, हाडकुळी, आवाज मात्र खणखणीत. तिनं सकरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "चाल, धर सूर."

सकरीनं सूर धरला. आवाज गोड होता. बायकांनी पदर डोळ्यांकडे नेले. गोर बोली मला अर्धीमुर्धीच कळत होती, म्हणून शेजारची बाई माझ्या कानात सांगत होती: ढवळ्या बैलाच्या गळ्यात पडून रडतेय... बोरीखालच्या विहिरीला विचारतेय... आजोबांना म्हणतेय, पहाटे मला हाक कोण मारेल...

सांगता सांगता ती बाई थांबली. आजूबाजूची कुजबुज वाढली. एका पोरीला हसू आवरेना.

ढवळ्या बैल केव्हाच विकला गेला होता. बोरीखालची विहीर आटल्यावर तांड्यानं ती सोडली होती. आणि आजोबा तर दोन पावसाळ्यांआधी वारले होते! सकरी तिच्या थोरल्या बहिणीचा, धानीचा, ढावलो शब्दन् शब्द पाठ करून गात होती. धानीच्या लग्नात ती लहान होती. तो ढावलो इतका गाजला होता की आजूबाजूच्या तांड्यांतल्या बायका अजून त्याची आठवण काढत. सकरीला वाटलं, एवढा चांगला तयार आहे तर तोच गावा.

जमनायाडीनं हात वर केला. "ई तारो कोनी, बेटा," ती म्हणाली. हे तुझं नाही, बाळ. रागावली नाही. पण सकरीची आई मान खाली घालून उठली आणि घरात गेली. मला इतकं वाईट वाटलं की गुंड्यांचा डबा उगाचच पुन्हा पुन्हा बंद करत बसले.

दुपारी आम्ही दोघी ओढ्यावर पाणी आणायला गेलो.

"मंग आपला जोड ना," मी म्हटलं. जसं काही मी रोज चार ढावलो जोडत होते!

"येतच नाई व मले. रडूच येत नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? मी खुश हाय ना!" आणि ती लाजली. नवरा मुलगा तिनं पुसदच्या बाजारात पाहिला होता. मावशीनं लांबून दाखवलेला. तो काकड्या निवडत होता आणि दुकानदारीण बाई आंधळी होती, तर त्यानं चांगल्या काकड्या तिला विकायला ठेवल्या आणि वाकड्या निवडून स्वतः विकत घेतल्या. "असा मानूस हाय थो. मंग मी कशी रडू? खोटं रडता येत नाई मले. अन् रडली नाई त याडीची इज्जत जाते."

घागरी भरून झाल्या तरी आम्ही तशाच उभ्या होतो. वरात दोन दिवसांवर आली होती.  माझ्या अख्ख्या शाळेत कुणी असला प्रश्न घातला नव्हता.

संध्याकाळी ती स्वतःच जमनायाडीकडे गेली; मला सोबत नेलं. याडी चुलीपुढे लसूण सोलत होती. सकरीनं सगळं सांगितलं, काकड्यांसकट. म्हातारी खळखळून हसली.

"खुश हायस त खुश जा. रडाले दुःखच लागते असं कोनं सांगतलं तुले? डोये मीट," ती म्हणाली. "आता सांग. घरात अंधार हाय. दिवा नाई. तुहा हात कशाकशावर पडते?"

सकरीनं डोळे मिटले. "मिठाच्या कोनाड्यावर."

"कसा हाय कोनाडा?"

"डाव्या कोपऱ्यात खरबरीत. तिथी माती नीट बसलीच नाई कवा."

"अजून?"

"दारच्या चौकटीचा खिया. रोज मही ओढणी धरते थो मेला." खिया म्हणजे खिळा.

"त्याले बोल," याडी म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली. तालीम संपली.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी जो धुमाकूळ घातला तो विचारू नका. लग्नघरात बायका लापशी ढवळत होत्या, पाहुणे येत होते, आणि नवरी डोळे मिटून भिंती चाचपत फिरत होती. मी तिचा दंड धरून मागे. ती शेळीच्या कानाची दातेरी कड बोटांनी ओळखायची. जात्याचा खुंटा कुठे झिजलाय ते सांगायची. मग ऊन अंगावर घेत फेटियाला आरसे लावत बसायची. टाका आत, टाका बाहेर, आणि त्या लयीत ओठ हलत. एखादी ओळ जमली की हसून मांडीवर थाप मारायची. ढावलो जुळवणारी मुलगी इतकी आनंदात मी काय, त्या तांड्यानंही पाहिली नसेल.

मीही उगाच डोळे मिटून पाहिले. माझ्या लोहाऱ्याच्या घरात माझा हात कशावर पडतो? मला एकही गोष्ट आठवली नाही. जिथे काही घडत नाही म्हणून मी कुरकुरत होते, ते घर मी कधी पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट मला चांगलीच झोंबली.

लग्न झालं. गळवाणी खाल्ली, गूळपाण्यात शिजवलेली कणीक, वर तुपाची धार. साधी दिसते म्हणून नाक मुरडू नका, दोनदा मागून घ्या. मी एकदा हौसेनं चुलीपुढे बसून बाटी थापायला गेले, तर ती चारी बाजूंनी अशी वेडीवाकडी पसरली की बायकांनी ती हातोहात फिरवून पाहिली. बाबांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

निघायची सकाळ झाली. थंडी होती, ऊन कोवळं होतं. सगळा तांडा अंगणात. सकरीची आई भिंतीला टेकून उभी होती, चेहरा सुकलेला. तिला नव्या ढावलोबद्दल काही सांगितलेलंच नव्हतं. सकरी घरातून बाहेर येताना दारातच थांबली. 

मग तिनं चौकटीला हात लावला आणि सूर धरला. मला उमगलं ते आपल्या मराठीत सांगते:

"दारच्या खिळ्या, रोज माझी ओढणी धरून म्हणायचास, थांब गं. आजच कशी सोडलीस?"

 कुणी हसलं नाही. सकरी कोनाड्याला बोलली, जात्याला बोलली, शेळीला तर तिनं नावं ठेवत ठेवत निरोप दिला. मग थावराकाकांच्या गळ्यात पडली: "बापू, वेशीवरचा तुझा खोकला ऐकून मी तवा ठेवायची. आता तिथे कुणाच्या खोकल्याला कान लावू?" काका, बैलाच्या शिंगांना न भिणारा माणूस, लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

आणि मग आई. सकरीनं तिचे दोन्ही हात आपल्या गालांवर धरले.

"याडी, करपलेली बाटी तू खायचीस आणि म्हणायचीस मला तीच आवडते. मला ठाऊक होतं, याडी. तिकडे करपलेली मी खाईन. म्हणेन, मला तीच आवडते."

आता सकरीला रडू आलं. खरंखुरं, सुरात न मावणारं. ओळ मध्येच तुटली. आईनं तिला घट्ट धरलं, आणि जमनायाडी मोठ्यानं म्हणाली, "ई तारो!" हे तुझं.

माझ्यापाशी आली तेव्हा मला वाटलं नुसती मिठी मारेल. पण नाही. "लोहाऱ्याच्या बहिणी, तुझ्या बाटीला चार कान होते. ऐकायला येशील ना गं मला?" रडणारे सगळे त्या रडण्यातच हसले. मीसुद्धा. नंतर तिला बैलाच्या पाठीवर उभं केलं, तिनं हात वर करून बापाच्या तांड्याचं भलं होवो म्हणून गाणं म्हटलं आणि ती निघाली. नवरा मुलगा बैलाचा कासरा धरून चालत होता. तो वारंवार मागे वळून तिचा तोल पाहत होता.

तुम्हाला जायचं असेल तर माघ-फाल्गुनात जा. सोले आणि हुरडा मिळतो, रस्ता आता सरळसोट आहे, महागावला उतरून आत जायला वाहनं आहेत. तांड्यात कुणाच्या ओळखीनं जा, रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि कुणाच्या मुलीचा निरोप चालू असेल तर मोबाइल पिशवीत ठेवा. त्या दिवसांनी मला काय दिलं म्हणाल, तर तेव्हापासून मला घरात कंटाळा आल्याचं आठवत नाही. डोळे मिटून हात फिरवते, काहीतरी सापडतंच. लिहायची ही सवयही त्यातूनच लागली.

पण ते सगळं पुढे. त्या वेळी आम्ही लोहाऱ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आई शेजारी गेली होती. बाबा ओट्यावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी गडवा हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"कमे," ते म्हणाले, "तू जाशीन तवा मले काय म्हणशीन?"

 "आधी तुम्ही सांगा," मी म्हटलं, नुसतं टाळायला.

बाबा कधी गायले नव्हते, पुढेही गायले नाहीत. सरळ बोलल्यासारखंच बोलले. "मही दाढ ठणकते म्हून तू गडव्यात आंधी बोट बुडवून पाहतं, पाणी लय थंडं त नाई. तुले वाटते मले दिसत नाई." मग बैलांकडे बघत म्हणाले, "बोट बुडवणारी चालली, आता मह्या दाढेले कोन इचारीन?"

ते पाणी प्यायले आणि गोठ्याकडे गेले. मी तिथेच ओट्यावर बसले आणि रडले. अजून माझं लग्न ठरायचं होतं, कुठेच निघायचं नव्हतं, मी माझ्या स्वतःच्या घरात होते.